पाटीवर ‘परवानाधारक’ आहे. आत बाळ सुरक्षित आहे का?

कांद्याचा हंगाम लागला की घोडेगावच्या बाजारात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. कांदा निवडायला, प्रतवारी करायला, गोण्या भरायला आणि शिवायला शेकडो हात लागतात आणि त्यातले निम्मेअधिक हात बायांचे असतात. शेतात रोपे लावणे, खुरपणी, काढणी, पात कापणे हेही त्यांच्याच वाट्याला येते. आपल्या वस्त्यांतल्या काही मुली आता शिकून नर्स, शिक्षिका, बँकेतील कर्मचारी झाल्या आहेत. त्या रोज अहिल्यानगरला, नेवाशाला, राहुरीला जातात. कामे वेगवेगळी असली तरी या सगळ्यांपुढे सकाळी एकच प्रश्न असतो. दिवसभर बाळ कोणाजवळ ठेवायचे?

पूर्वी याचे उत्तर घरातच मिळायचे. आजी असायची, जाऊ असायची. आता आजीही रोजाने जाते. मग बाळ एक तर बांधावर झोळीत झोपते, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर जाते आणि त्या बहिणीची शाळा बुडते. म्हणून पाळणाघर ही चैनीची गोष्ट नाही. एका बाळाचे आरोग्य, एका आईची मजुरी आणि एका मुलीचे शिक्षण अशा तीन गोष्टी त्यावर टांगलेल्या असतात. पण पाळणाघर वाईट निघाले तर या तिन्ही गोष्टी एकदम बुडतात. म्हणून ते पारखावे कसे, हे या वेळी आम्ही आरोग्याच्या पानावर सविस्तर मांडत आहोत.

परवाना कोणाचा आणि कशाचा?

‘शासनमान्य’, ‘परवानाधारक’, ‘नोंदणीकृत’ असे शब्द पाटीवर दिसले की आपण निर्धास्त होतो. तिथेच थांबून विचारावे, की परवाना कोणत्या कार्यालयाने दिला आणि कशासाठी दिला? कागद दाखवायला सांगावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

बहुतेक वेळा जो कागद समोर येतो, तो पुढीलपैकी एक असतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, ज्याला आपल्याकडे गुमास्ता म्हणतात. ‘उद्यम’ नोंदणी. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. संस्था किंवा ट्रस्ट असल्याचे प्रमाणपत्र. जेवण देत असतील तर अन्न नोंदणी. हे सगळे कागद खरे असू शकतात. पण यातला एकही कागद ‘इथे मुले नीट सांभाळली जातात’ असे सांगत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तर थोडेच कामगार असणाऱ्याने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सूचना दिली की पावती मिळते. ती मिळवण्यासाठी कोणी खोली पाहायला येत नाही, पाणी तपासत नाही की सांभाळणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलत नाही.

याचा अर्थ कागद निरुपयोगी आहे असा नाही. कागद असला की चालवणाऱ्याचे नाव-गाव नोंदलेले असते आणि उद्या काही झाले तर जबाबदार कोण, हे ठरवता येते. कागद न दाखवणाऱ्याकडे मूल ठेवूच नये. पण कागद दाखवला म्हणजे परीक्षा संपली असेही समजू नये. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि ती आपल्या डोळ्यांनीच करावी लागते. ‘एहि पस्सिको’, या आणि पाहा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

हा आरोग्याचाच प्रश्न

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक आया कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची गोळी देत. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. दूध कमी पडे, वाढ खुंटे, कधी जीवही जाई. त्या आया निर्दयी नव्हत्या. त्यांच्यासमोर दुसरी सोय नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्याच काळात खाणकामगार स्त्रियांच्या मुलांसाठी खाणींवर पाळणाघरे ठेवण्याची तरतूद कायद्यात आली. कामगार आईच्या बाळाला सुरक्षित जागा हा तिचा हक्क आहे, हा विचार आपल्या चळवळीत इतका जुना आहे.

आज कायद्यात बरेच आहे. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावे, असे त्यात म्हटले आहे. पण रोजाने कांदा निवडणारी बाई किंवा मुकादमामार्फत ऊसतोडीला जाणारी बाई हिच्यापर्यंत ही तरतूद क्वचितच पोहोचते. तिला गावातले खासगी पाळणाघर किंवा अंगणवाडी हाच आधार असतो.

पहिला हिशेब: हात किती, बाळे किती?

पाळणाघरात पाय ठेवल्यावर रंगवलेल्या भिंती पाहू नयेत. आधी डोकी मोजावीत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात तीन वर्षांखालील 10 मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या 20 मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, शिवाय मदतनीस, असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्येक मुलाला 10 ते 12 चौरस फूट जागा असावी असेही त्यात आहे. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा मुले, त्यापेक्षा जास्त नाहीत.

हे प्रमाण किमान आहे, हे लक्षात ठेवावे. साधा हिशेब करून पाहू. एका बाईकडे वर्षाच्या आतली दहा बाळे आहेत. प्रत्येकाला दिवसातून तीन वेळा भरवायचे आणि एकदा भरवायला पंधरा मिनिटे धरली, तर झाले साडेसात तास. पाळणाघराचा सगळा दिवस फक्त भरवण्यातच गेला. लंगोट कोण बदलणार? रडणाऱ्याला कोण घेणार? मग काय होते? बाटली तोंडात देऊन बाळाला आडवे ठेवले जाते, ओले लंगोट तसेच राहते आणि रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याचे ‘उपाय’ शोधले जातात. तान्ह्या बाळांसाठी तीन-चार बाळांमागे एक बाई असेल तरच नीट लक्ष राहते. दुर्लक्षामागे नेहमी वाईट मनच असते असे नाही, बहुतेकदा हात कमी पडलेले असतात.

आणखी एक विचारावे. जी बाई मुले सांभाळते तीच स्वयंपाक करते का? भाजी फोडणीला घालताना पाठीमागे रांगणारे मूल कुठे गेले, हे तिला कळणार नाही.

जागा पारखताना

शहरातल्या पुस्तकात जिना आणि बाल्कनीचे धोके सांगितलेले असतात. आपल्याकडचे धोके वेगळे आहेत. पाळणाघराच्या आत-बाहेर पुढील गोष्टी बघाव्यात.

पाणी: उघडी टाकी, हौद, विहीर, शेततळे जवळ आहे का? रांगणारे मूल बादलीत डोके खाली घालून पडले, तर वीतभर पाण्यातही बुडते आणि बुडताना आवाज होत नाही. बादल्या रिकाम्या किंवा झाकलेल्या हव्यात.

औषधे: घरमालकाची शेती असेल तर फवारणीची औषधे कुठे ठेवतात? रॉकेल, फिनाईल, कीटकनाशक पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवणे ही सर्वात जीवघेणी सवय आहे. मूल बाटलीवरचे चित्र ओळखते, आतले विष ओळखत नाही.

रस्ता: घोडेगावातून अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर हमरस्ता जातो. ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या यांची दिवसरात्र ये-जा असते. दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी हवी आणि दार रस्त्याकडे उघडत असेल तर मध्ये अडसर हवा.

ऊन: पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे महिन्यात दुपारी मोठा माणूस बसू शकत नाही. लहान मुलाच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. वर छत, खिडक्यांतून वारा आणि चालू पंखा हवा. वीज गेल्यावर काय करता, हे जरूर विचारावे.

जीवजंतू: शेजारी कांदाचाळ, सरपण किंवा दगडांचा ढीग असेल तर विंचू-साप येतातच. मुलांना जमिनीवर झोपवण्याआधी अंथरूण झटकतात का, ते पाहावे.

वीज आणि गॅस: खालच्या उंचीवरची बटणे आणि सॉकेट झाकलेले हवेत. शेगडी वेगळ्या खोलीत, बंद दाराआड हवी. आग लागली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हेही पाहावे.

झोप: शांतता म्हणजे सुख नव्हे

सकाळी अकरा वाजता पाळणाघरात गेलात आणि वेगवेगळ्या वयाची सगळी मुले एकदम गाढ झोपलेली दिसली, तर कौतुक करू नका. शंका घ्या. अफूची गोळी आता कोणी उघडपणे देत नाही, पण सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते आणि ती मुलांना शांत ठेवायला वापरली जाऊ शकतात. दोन वर्षांचे मूल संध्याकाळी घरी आल्यावरही पेंगत असेल, जेवत नसेल, हाक मारल्यावर उशिरा बघत असेल आणि हे रोज होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि पाळणाघरात काय देतात ते थेट विचारावे. आपल्या लेखी परवानगीशिवाय एकही औषध द्यायचे नाही, ही पहिली अट ठेवावी.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला नेहमी उताणे झोपवावे. पालथे झोपवलेल्या तान्ह्या बाळांत झोपेतच श्वास थांबून मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो. अंथरूण सपाट आणि घट्ट हवे. उशी, जाड गोधडी, चेहऱ्यावर येणारे दुपटे नको. एका अंथरुणावर चार बाळे दाटीवाटीने नकोत. साडीची झोळी आपल्या सवयीची आहे, पण पाळणाघरात मोठी मुले तिला पीळ देतात, झोके देतात. दोरी गळ्याभोवती येण्याचा किंवा गाठ सुटण्याचा धोका असतो. नजरेआड झोळी नकोच.

खाणे, पाणी आणि हात

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवता येते. पाळणाघर जवळ असेल तर मधल्या सुट्टीत येऊन पाजू देतात का, हे विचारावे. काढून ठेवलेले दूध साधारण तापमानाला चार तासांपर्यंत टिकते, पण उन्हाळ्यात आपल्याकडे एवढा भरवसा धरू नये. थंड जागेची सोय हवी. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. तो धुवायला सोपा जातो आणि त्यात जंतू लपून राहत नाहीत.

शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, अख्खी द्राक्षे आणि बोरे चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये, घुटीतूनसुद्धा नाही. सांभाळणाऱ्या ताईंना एक प्रश्न नक्की विचारावा, ‘बाळाच्या घशात काही अडकले तर काय कराल?’ योग्य उत्तर असे. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच करत राहावे. तोंडात अंदाजाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. ज्या ताईला हे येते, तिला मुलांना सांभाळण्याचे खरे शिक्षण मिळाले आहे असे समजावे.

जुलाब हा पाळणाघरातला नेहमीचा आजार. तो बहुतेकदा हातावाटे पसरतो. शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुतात का? साबण नळाजवळ आहे की कपाटात? लंगोट बदलण्याची जागा आणि जेवणाची जागा वेगळी आहे का? पिण्याचे पाणी झाकलेले, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढलेले हवे. ओआरएसची पाकिटे हाताशी हवीत आणि मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे, हे माहीत हवे. जुलाब लागलेल्या सहा महिन्यांवरील बाळाला ओआरएसबरोबर झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस देतात. ही औषधे अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात.

आजारी मूल आणि लसीकरण

चांगले पाळणाघर प्रवेश देतानाच लसीकरणाचे कार्ड मागते. कार्ड मागितले म्हणून राग मानू नये, उलट भरवसा वाढावा. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली होती. लस न मिळालेल्या मुलांना तिचा मोठा फटका बसला. गोवर-रुबेलाची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मिळते. त्यामुळे 9 महिन्यांच्या आतल्या बाळांचे संरक्षण आजूबाजूच्या मोठ्या मुलांच्या लसीवरच अवलंबून असते.

ताप, पुरळ, जुलाब असलेले मूल त्या दिवशी घेत नाहीत, असा नियम असेल तर तो पाळावा. मजुरी बुडते हे खरे. पण दुसऱ्याच्या बाळाचा आजार आपल्या बाळापर्यंत येऊ नये असे वाटत असेल, तर नियम सर्वांना सारखा हवा. अचानक आजार आला तर कोणाला फोन करणार, कोणत्या दवाखान्यात नेणार, 108 ची रुग्णवाहिका बोलावणार का, हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

सांभाळणारी बाई कोण?

शिक्षणाची मोठी पदवी हवीच असे नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या, बहुतांश निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यात दलित समाजातल्या बायाही होत्या. बाळाचे वजन करणे, जुलाबात पाणी-मीठ-साखर देणे, बाळंतपणात काळजी घेणे हे सगळे त्या शिकल्या आणि त्यांनी गावेच्या गावे बदलली. अडाणी समजल्या गेलेल्या बाईला नीट शिकवले, तिला मान दिला आणि वरचेवर मदत केली, तर ती हे काम उत्तम करते. म्हणून विचारावे ते प्रशिक्षणाबद्दल. कोणी दिले, किती दिवस, पुन्हा कधी झाले? पोलिसांची चारित्र्य पडताळणी सर्वांची झाली आहे का? सर्वांची म्हणजे मालकिणीचा नवरा, मुलगा, गाडीचा ड्रायव्हर, घरात राहणारे सगळे. बाया किती दिवस टिकतात? दर दोन महिन्यांनी नवी बाई दिसत असेल, तर तिला पगार वेळेवर मिळत नसावा. जिला नीट वागवले जात नाही, तिच्याकडून मुलांना नीट वागवण्याची अपेक्षा कशी धरायची?

मग थोडा वेळ नुसते बसून पाहावे. ताई मुलाशी खाली बसून बोलते का, त्याला नावाने हाक मारते का, पडलेल्या मुलाला उचलून जवळ घेते का? मुले तिच्याकडे धाव घेतात की तिला पाहून गप्प होतात? मुलाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत फार वेगाने वाढतो आणि त्याला जसे अन्न लागते तशी माणसाची बोली लागते. दिवसभर मोबाईलसमोर बसवलेल्या मुलाच्या वाट्याला ही बोली येत नाही.

मान हा सुरक्षिततेचा भाग

ही गोष्ट सरकारी यादीत लिहिलेली नसते, म्हणून आम्ही ती वेगळी लिहितो. आपले मूल कुठे बसवतात? जेवणाची ताटली, पाण्याचा पेला वेगळा आहे का? रडल्यावर सर्वांना कडेवर घेतात आणि आपल्या मुलाला नाही, असे होते का? त्याला नावाने हाक मारतात की वस्तीच्या नावाने? तीन वर्षांच्या मुलाला जात कळत नाही, पण आपल्याला कोणी हात लावत नाही, हे मात्र पक्के कळते. असे मूल कमी खाते, कमी बोलते, शू लागली तरी सांगत नाही. भेदभावाचा परिणाम त्याच्या तब्येतीवर दिसतो. म्हणून जेवणाच्या वेळी एकदा तरी न सांगता जाऊन पाहावे. भेदभाव दिसला तर गप्प बसू नये. तो अपमान तर आहेच, शिवाय कायद्याने गुन्हाही ठरू शकतो.

कॅमेरा आहे, पण पाहतो कोण?

नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तिथल्या आयाने मारहाण केल्याचे उघड झाले. ते दृश्य पाळणाघराच्याच सीसीटीव्ही कॅमेऱ्यात होते. पण कॅमेऱ्याने मारहाण थांबवली नाही. मुलीच्या अंगावरच्या खुणांकडे आई-वडिलांचे लक्ष गेले, तेव्हा चित्रण पाहिले गेले आणि सत्य बाहेर आले. ही गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. कॅमेरा असणे चांगले, पण चित्रण किती दिवस ठेवतात, पालकांना दाखवतात का, रोज कोणी पाहते का, हे विचारावे. झोपण्याच्या आणि लंगोट बदलण्याच्या जागेचे चित्रण भलत्याच मोबाईलवर जात नाही ना, हेही विचारावे.

कॅमेऱ्यापेक्षा मोठे साधन म्हणजे उघडे दार. ‘पालकांनी केव्हाही यावे’ असे जे सांगतात आणि तसे वागतात, तिथे भरवसा ठेवता येतो. ‘मुले बिथरतात, फोन करून या’ असे सांगून दारातूनच परत पाठवत असतील, तर तिथे मूल ठेवू नये.

संध्याकाळी घरी आल्यावर

नव्या जागी पहिले दोन आठवडे मूल सोडताना रडते. साधारण आठ महिने ते दीड वर्ष या वयात तर फारच रडते. ते नैसर्गिक आहे. पण महिन्याने अचानक रडू लागले, एखाद्या माणसाचे नाव काढताच घाबरू लागले, झोपेत दचकू लागले, तर त्याचे ऐकावे.

आंघोळ घालताना अंग पाहावे. चालत्या मुलाच्या गुडघ्याला, नडगीला, कपाळाला खरचटणे नेहमीचे. पण गालावर, कानामागे, दंडावर, पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला वळ किंवा चिमट्यासारख्या खुणा असतील, तर त्या पडण्याने होत नाहीत. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर आपोआप काळेनिळे पडत नाही. सकाळचेच लंगोट संध्याकाळी, लाल झालेले ढुंगण, रोज उपाशी असल्यासारखे दूध ओढणे, या दुर्लक्षाच्या खुणा.

शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लेखी नोंद करून घ्यावी, फोटो काढावेत. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तातडीला 112. लैंगिक छळाची शंका असेल तर कपडे धुऊ नयेत, मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत आणि थेट पोलिसांकडे जावे. असा गुन्हा माहीत असून न कळवणे हाही पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. मुले सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने मुलाला क्रूरपणे वागवले, तर बाल न्याय कायद्याच्या कलम 75 नुसार 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गावात एकच पाळणाघर असेल तर?

‘आम्हाला निवड कुठे आहे?’ असे भगिनी म्हणतील आणि ते खरे आहे. एकटीने निवड होत नसेल, तर मिळून करावी. त्याच पाळणाघरात मुले असणाऱ्या आया एकत्र याव्यात. आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. आज एकीने जेवणाच्या वेळी जायचे, परवा दुसरीने. पैसे वर्गणीने काढून एक मदतनीस वाढवता येते. मालकीणबाईंशी भांडण नको, पण नोंदवही, हजेरी, औषधाची लेखी परवानगी एवढा आग्रह सगळ्यांनी एकदम धरला तर तो टाळता येत नाही.

आणि गावाकडेही मागावे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. अंगणवाडी थोडेच तास चालते, मजुरीचा दिवस मोठा असतो, हे अंतर भरून काढण्यासाठीच ती योजना आहे. ग्रामसभेत किती आया कामावर जातात, किती लहान मुले आहेत याची यादी ठेवावी, ठराव करून घ्यावा आणि नेवासा येथील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी. पोच घ्यायला विसरू नये. यादी करण्याचे काम विहारातल्या महिला मंडळाने एका रविवारी हाती घेतले तरी होण्यासारखे आहे.

प्रवेशाआधी विचारायचे दहा प्रश्न (कापून ठेवा)

1. परवाना कोणत्या कार्यालयाचा, कशासाठी? कागद दाखवा.
2. तीन वर्षांखालील किती मुले, किती बाया? स्वयंपाक कोण करते?
3. घरात येणाऱ्या-राहणाऱ्या सर्वांची पोलीस पडताळणी झाली का?
4. मी न सांगता केव्हाही येऊ शकते का?
5. बाळाला कुठे, कसे झोपवता?
6. घशात काही अडकले तर काय करता? करून दाखवा.
7. पाणी, औषधे, गॅस, बादल्या कुठे असतात?
8. औषध लेखी परवानगीनेच देता ना?
9. सर्व मुले एकत्र बसून, सारख्याच ताटात जेवतात ना?
10. मुलाला न्यायला कोण येऊ शकते, याची नावे लिहून घेता का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे अपुरी असतील, तर सुधारणा करायला सांगावे. चौथ्या, आठव्या किंवा नवव्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर मूल तिथे ठेवू नये. एक दिवसाची मजुरी परत मिळवता येते. बाळाच्या जिवाचे आणि मनाचे नुकसान भरून निघत नाही.